धूर, ऊन आणि परसबाग : परभणीच्या घरांतील साठवणीचे तंत्र

परभणी जिल्ह्यात जंगलाचे क्षेत्र इतके थोडे आहे की, जिंतूरकडचा डोंगराळ भाग सोडला तर वणवा हा येथील रोजच्या काळजीचा विषय नाही; तरीही फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत दारे-खिडक्या लावून बसावे लागेल इतका धूर अनेक गावांवर अधूनमधून उतरतो, आणि तो शेतांतून येतो. गोदावरीच्या काठाने पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांत, तसेच जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाची तोड हिवाळ्यात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते, आणि तोडीनंतर उरलेले पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पुष्कळ ठिकाणी काडी लावून संपवले जाते. त्याच सुमारास कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, गव्हाचे काड आणि बांधावरचे वाळलेले गवतही पेटते. पाचट जाळू नये, सरीत दाबून कुजवावे, हे कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत आणि ते सर्वस्वी योग्य आहे. परंतु शेजारच्या शेतात आग लागलेली असताना घरात अडकलेल्या कुटुंबाला त्या सल्ल्याचा त्या दिवसापुरता काही उपयोग नसतो. नेमक्या याच काळात परसबागेत टोमॅटो, वांगी, भेंडी, गवार, मिरच्या, लिंबे आणि पाठोपाठ कैऱ्या तयार होतात, आणि माल टिकवण्याची मराठवाड्यातील मुख्य पारंपरिक रीत, म्हणजे गच्चीवरचे वाळवण, धुरामुळे अडते. अशा दिवसांत घरातल्या घरात स्वयंपाक आणि साठवण कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

धुरात सर्वाधिक अपायकारक असतात ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना शास्त्रीय लिखाणात ‘पीएम २.५’ म्हणतात, ते नाकातील केसांना आणि घशातील ओलाव्याला न जुमानता फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांसाठी चोवीस तासांची सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली, तर भारतातील २००९ च्या मानकांत ती ६० आहे. चेहऱ्यावर बांधलेला ओला रुमाल राख अडवतो, हे कण फारसे अडवत नाही; बाहेर जाणे टळत नसेल तर नीट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरावा. हवेची मोजणी करणारे केंद्र जवळ नसलेल्या गावात डोळ्यांवर आणि नाकावर विसंबावे : रोज स्पष्ट दिसणारी पाण्याची टाकी किंवा दूरची झाडे धूसर झाली आणि जळाल्याचा वास घरात येऊ लागला, की खिडक्या लावण्याची वेळ झाली असे समजावे.

कामाची वेळ ठरवण्यासाठी आणखी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते आणि भूगोलाच्या पुस्तकांत जिला तापमानाची विपरीतता म्हणतात ती स्थिती निर्माण होते. या गार थरात अडकलेला धूर रात्रभर आणि पहाटे वस्तीवर बसून राहतो. ऊन चढले की हवा तापून वर उठते आणि धूर पातळ होतो. म्हणजे हवा सर्वांत मोकळी असते ती दुपारी. पण परभणीत एप्रिल-मेची दुपार पारा ४२-४३ अंशांपुढे नेणारी असते, आणि त्या वेळी खिडक्या उघडून चुलीपाशी उभे राहणे धुराइतकेच घातक ठरू शकते. येथील कुटुंबाला म्हणूनच धूर आणि ऊन यांच्या मधल्या फटीत काम साधावे लागते. पहाटे खिडक्या बंद ठेवून निवडणे, चिरणे, मीठ लावणे अशी विस्तवाविना होणारी कामे उरकावीत. साधारण नऊ ते अकरा या वेळेत, धूर विरल्याची खात्री करून खिडक्या उघडाव्यात आणि उकळणे, वाफवणे, आटवणे ही सर्व कामे तेव्हाच एकदम करावीत. दुपारी घर पुन्हा बंद करून पंख्याखालचे वाळवण चालू द्यावे. संध्याकाळी, जेव्हा बहुतेक आगी लावल्या जातात, तेव्हा सकाळी शिजवलेले गरम करण्यापलीकडे काही करू नये.

या वेळापत्रकाला सर्वांत मोठा सुरुंग लावतो तो कूलर. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून किंवा जाळीतून आत ओढतो, राखेचे मोठे कण त्यात अडकतात, पण बारीक कण आणि वास घरात येतात. शिवाय हवेतील ओलावा वाढल्याने वाळवणाला बुरशी धरते. धुराच्या तासांत कूलर बंद ठेवून छताच्या पंख्यावर भागवावे, आणि वाळवणाची खोली तर कूलरपासून कायमच वेगळी असावी. घरात दमेकरी, गरोदर स्त्री, तान्हे मूल किंवा वृद्ध असतील आणि उष्म्यामुळे कूलरशिवाय राहणे अशक्य झाले, तर घरातील एकच खोली त्यांच्यासाठी राखून कूलर तिच्यापुरता, तोही धूर ओसरल्यावर, चालवावा.

खिडक्या बंद असताना बाहेरच्या धुराइतकाच विचार स्वयंपाकघरात तयार होणाऱ्या धुराचा करावा लागतो, कारण तो बाहेर जाण्याची वाट उरलेली नसते. तळण, मिरचीची फोडणी, तव्यावर भाजलेले तीळ-खोबरे, आचेवर भाजलेले वांगे यांतून तेच बारीक कण निघतात. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल त्यांत भर घालतात. चूल किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि पेटवू नये, कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू निघतो आणि माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेमुळे गॅस पुष्कळ घरांत पोहोचला आहे. ज्या घरांत तो सणासुदीपुरता राखून ठेवला जातो, त्यांनी निदान धुराच्या दिवसांत तो हात न आखडता वापरावा. वाफवणे, उकडणे आणि कुकरमध्ये शिजवणे या पद्धती या दिवसांत सर्वांत सोयीच्या. वांगी कुकरमध्ये उकडून केलेल्या भरिताला विस्तवावरच्या भरिताची सर येत नाही हे मान्यच केले पाहिजे, पण कच्चा कांदा, कोथिंबीर, भरडलेले शेंगदाणे आणि वरून कच्चे तेल घातले तर ते जेवणात चालून जाते. मेथी, पालक, चुका, अंबाडी अशा मिसळीच्या पालेभाज्या तूर किंवा मुगाच्या डाळीबरोबर कुकरमध्ये शिजवून घोटलेले गरगट्टे हा तर मराठवाड्याचा घरचाच पदार्थ. त्यात लसणाची फोडणी न देता ठेचलेला लसूण शिजतानाच घातला तर धूर जवळजवळ होत नाही, आणि परसबागेतील सर्वांत लवकर सडणारा माल एका पातेल्यात संपतो.

तोडणीचा क्रमही सडण्याच्या क्रमाने ठरवावा. पालेभाज्या आणि कोथिंबीर एका दिवसात मान टाकतात. भेंडी, मग ती घरच्या बियाण्याची असो की परभणीच्याच कृषी विद्यापीठाने दिलेली आणि शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूरोगाला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ असो, एक दिवसाआड न तोडल्यास राठ होते. पिकलेले टोमॅटो तीन-चार दिवस थांबतात, तर कांदा, लसूण, भोपळा आणि चिंच यांची घाई करण्याचे कारण नाही. धूर असताना बागेत जाणे भागच असेल तर ते सकाळी उशिरा, थोडक्यात आणि मुखपट्टा लावून उरकावे.

पाचटाची काळी राख भाजीवर पडली म्हणून भाजी टाकून देण्याची गरज नाही. वनस्पतींची राख क्षारधर्मी असते, ती धुतल्याने बहुतांशी निघते. मात्र आगीत ठिबकच्या नळ्या, आच्छादनाचा प्लॅस्टिक कागद किंवा खतांची पोती जळाली असतील, तर त्या राखेने माखलेल्या पालेभाज्या खाऊ नयेत, आणि फळभाज्याही सोलता येत असतील तरच वापराव्यात. धुण्याची पद्धत पाण्याच्या टंचाईशी जुळणारी असावी : जुडी आधी उलटी धरून कोरडीच झटकावी, म्हणजे अर्धी राख पाण्याविना जाते, मग तीन पातेल्यांत ओळीने बुचकळावी, पुढच्या जुडीसाठी तिसऱ्या पातेल्याचे पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्याचे पहिल्यात घ्यावे, आणि पहिल्याचे गढूळ पाणी झाडांच्या बुंध्याशी ओतावे. मुळात बाहेर वाळत घातलेले पदार्थ धुरात राहू देऊ नयेत, कारण धुरातील बहुचक्रीय हायड्रोकार्बन या गटातील काही कर्करोगकारक द्रव्ये ओलसर, तेलकट पृष्ठभागांवर चिकटतात, आणि वाळलेली कुरडई किंवा सांडगा भाजीसारखा धुता येत नाही.

वाळवण घरात आणता येते, आणि येथील हवामान त्याला अनुकूल आहे, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. वाळण्यासाठी कडक उन्हापेक्षा कोरडी आणि हलती हवा अधिक महत्त्वाची असते; कोकणात उन्हाळ्यातही हवा दमट असल्याने खोलीत भाजी वाळवणे अवघड जाते, पण मराठवाड्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली पातळ पसरलेली मेथी, कढीपत्ता किंवा पुदिना एक-दोन दिवसांत चुरचुरीत होतो. सावलीत वाळलेल्या पालेभाजीचा हिरवेपणा आणि तिच्यातील अ जीवनसत्त्वाचा पूर्वद्रव्यरूप साठा उन्हात वाळलेल्या भाजीपेक्षा चांगला टिकतो, हा वरचा फायदा. पाला धुऊन, फडक्यात गुंडाळून पाणी पूर्ण टिपून घ्यावे, चाळणीवर किंवा ताणून बांधलेल्या सुती कापडावर एकाच थरात पसरावे, म्हणजे हवा खालूनही फिरते. गवार, भेंडी आणि वांग्याच्या काचऱ्या यांना उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात काढावे. या क्रियेने भाजीतील विकरे, म्हणजे रंग व चव बिघडवणारी रासायनिक द्रव्ये, निष्क्रिय होतात. जाड फोडींना मात्र खोलीची हवा अपुरी पडते आणि आत ओल राहून त्या आंबतात, म्हणून फोडी अगदी पातळ कराव्यात, किंवा ५५ ते ६० अंशांवर चालणारे विजेचे वाळवणी यंत्र वापरावे. टोमॅटो उकळण्याचे आणि भाजी वाळवण्याचे काम एकाच खोलीत एकाच वेळी करणे निरर्थक आहे, कारण पातेल्यातून उठलेली वाफ कापडावरच्या पाल्यातच जाऊन बसते. वाळल्याची कसोटी साधी : पाला चुरगळावा, गवार मोडताना कट्‌ असा आवाज व्हावा. नंतर काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवावे. काचेला आतून दमटपणा दिसला तर माल पुन्हा पसरावा.

आंबट आणि तिखट माल उन्हाविना टिकवण्याचा मार्ग मिठाचा आहे. मीठ पदार्थातील पाणी बांधून ठेवते, त्यामुळे जिवाणूंना वाढीसाठी लागणारे मोकळे पाणी उरत नाही, आणि लिंबू-कैरीतील आम्ल त्यांना दुसऱ्या बाजूने रोखते. एक किलो लिंबांच्या फोडींना २०० ते २५० ग्रॅम मीठ लावून चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत भरावे आणि रोज कोरड्या चमच्याने हलवावे. उन्हात ठेवले नाही तरी घरातील उन्हाळी उष्णतेत तीन-चार आठवड्यांत सालीचा कडूपणा उतरतो. घाई असेल तर लिंबे आधी चाळणीत वाफवून घ्यावीत. कैरी वाळवून आंबोशी करण्याऐवजी तिच्या फोडी याच प्रमाणात खारवून ठेवता येतात, आणि उकडलेल्या कैरीचा गर गूळ किंवा साखर घालून पन्ह्यासाठी फ्रीजमध्ये ठेवला तर त्याच उष्म्यावर उतारा मिळतो. सांडगी मिरचीला ऊन हवेच. ती या दिवसांत बाजूला ठेवून मिरच्या चिरून मीठ, मोहरीची पूड आणि लिंबाच्या रसात मुरवाव्यात. ठेच्याबाबत एक इशारा आवश्यक आहे : कच्चा लसूण, मिरची किंवा कोथिंबीर वाटून वर तेलाचा थर देऊन कपाटात ठेवणे धोक्याचे आहे, कारण तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि जमिनीतून आलेल्या काही जिवाणूंना नेमकी तीच स्थिती मानवते. ठेचा भरपूर मीठ-लिंबू घालून, फ्रीजमध्ये आणि आठवड्यात संपेल इतकाच करावा. गाजर-मुळ्याचे तुकडे खाऱ्या पाण्यात आंबवण्याची उत्तरेकडील रीत येथेही चालते, परंतु उन्हाळ्यातील घराच्या तापमानाला ते दोन-तीन दिवसांतच पुरेसे आंबतात, त्यानंतर बाहेर राहिले तर मऊ पडतात.

वर उल्लेखिलेला धोका टोमॅटोच्या बाबतीत अधिक खोलात जाऊन पाहिला पाहिजे, कारण टोमॅटो एकदम पुष्कळ येतो आणि बाटल्या भरण्याचा मोह होतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची प्रतिकूल काळात टिकून राहणारी कवचबंद अवस्था, मातीत सर्वत्र असतात. उकळत्या पाण्याने ते मरत नाहीत आणि हवाबंद, कमी आंबट अन्नात वाढून प्राणघातक विष तयार करतात, ज्याचा वास किंवा चव बहुधा कळत नाही. आम्लतेचे माप असलेला सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर ते वाढू शकत नाहीत. लिंबू, कैरी, चिंच सहज या मर्यादेत बसतात. टोमॅटो मात्र ४.३ ते ४.९ असा सीमेवर रेंगाळतो, आणि फार पिकलेला टोमॅटो अधिक गोड पण कमी आंबट असतो. यासाठी टोमॅटोच्या गरात दर अर्ध्या लिटरला चहाचा पाव चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, घालणे अनिवार्य मानावे. घरच्या लिंबांचा रस कमी-अधिक आंबट असल्याने त्याच्यावर विसंबू नये. गर उकळून, गरम असतानाच उकळलेल्या काचेच्या बरण्यांत वर बोटभर जागा सोडून भरावा, झाकणे लावून बरण्या पूर्ण बुडतील अशा पाण्यात उकळत ठेवाव्यात. परदेशी पुस्तकांत अर्ध्या लिटरच्या बरणीला ३५ मिनिटे दिलेली असतात, पण ती समुद्रसपाटीजवळच्या गावांसाठी. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे, तेथे पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते, म्हणून तीनशे मीटरच्या वरच्या गावांसाठीचा नियम लावून ४० मिनिटे धरावीत. गवार, भेंडी, पालक, हिरवे तुरीचे सोले असा कमी आंबट माल या पद्धतीने बाटलीबंद कधीही करू नये. त्याला दाबाखालचे १२१ अंश तापमान मोजूनमापून द्यावे लागते आणि शिट्टीचा घरगुती कुकर त्यासाठी प्रमाणित केलेला नसतो. इतकी व्यवस्था जमत नसेल तर टोमॅटोचा गर बर्फाच्या साच्यांत गोठवणे अधिक शहाणपणाचे.

गोठवण्याचा प्रश्न विजेशी बांधलेला आहे. तुरीचे सोले, भेंडी आणि गवार वर सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्यातून काढून, कोरडी करून, ताटात एकेक दाणा सुटा राहील अशी गोठवून मग पिशव्यांत भरावी. उणे १८ अंशांना ती सहा-आठ महिने राहते, परंतु एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात इतकी थंडी नसते, तेथे काही आठवड्यांचाच हिशेब धरावा. भारनियमन झाले तर गच्च भरलेला फ्रीझर न उघडता सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो, खालचा भाग मात्र चार तासच. वीज बेभरवशाची असलेल्या गावात मीठ आणि वाळवण यांना प्राधान्य देणे म्हणूनच अधिक व्यवहार्य.

बरण्यांवर पदार्थ आणि तारीख लिहावी आणि त्या स्वयंपाकघरातील विस्तवापासून दूर, घरातील सर्वांत गार भिंतीच्या अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात. मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या आधी, सर्व वाळवण एकदा उघडून पाहावे. हवेत दमटपणा येताच अर्धवट वाळलेला माल आधी मऊ पडतो आणि मग त्याला बुरशी लागते, आणि ही तपासणी एक आठवडा उशिरा झाली तर वाचवण्यासारखे काही उरत नाही. फुगलेले झाकण, उघडताना उडालेला फेस किंवा पाझरलेली बरणी दिसल्यास तो पदार्थ चाखून पाहू नये, जनावरांनाही घालू नये, बरणीसह खोल पुरून टाकावा आणि त्याला लागलेले हात, ओटा व भांडी साबणाने धुऊन घ्यावीत.